खाडीचा सातबारा

१७ नोव्हेंबर २०२३ रोजी नवी मुंबईची पहिली मेट्रो धावू लागली आणि बेलपाडा हे नाव ठळक अक्षरांत स्थानकाच्या फलकावर झळकले. तोपर्यंत बाहेरून आलेल्या आपल्यासारख्यांच्या लेखी ते गाव नव्हतेच. तो खारघरचा एक सेक्टर होता. गावाच्या नावात बेल आहे आणि पाडाही आहे. पाडा इमारतींच्या खोबणीत कसाबसा उरला आहे. बेलाचे झाड मी शोधत फिरलो, मला ते सापडले नाही.

या स्थानकाच्या एका अंगाला खारघरचा डोंगर उभा आहे. दुसऱ्या अंगाला, महामार्गाच्या पलीकडे, पनवेलची खाडी पसरली आहे. पावसाळ्यात पांडवकड्याचा धबधबा त्या डोंगरावरून कोसळतो, ते पाणी ओढ्यानाल्यांनी उतरते आणि शेवटी खाडीला मिळते. डोंगर, गाव आणि खाडी असे हे एकच कुटुंब आहे. डोंगराने पाणी द्यावे, गावाने ते शेतातून वाट देऊन पुढे जाऊ द्यावे आणि खाडीने ते पोटात घ्यावे, असा पिढ्यान् पिढ्यांचा करार होता. तो करार कोणत्याही कागदावर लिहिलेला नव्हता, आणि तेच त्याचे दुर्दैव ठरले.

आपल्या महसूल खात्याची एक गंमत आहे. जमिनीच्या प्रत्येक गुंठ्याला सातबारा आहे. त्यावर मालकाचे नाव आहे, कुळाचे नाव आहे, पिकाची नोंद आहे. पण जे पाणी दिवसातून दोनदा येते आणि दोनदा जाते, त्याच्या वहिवाटीची नोंद कोणत्या उताऱ्यावर आहे? खाडीकाठच्या चिखलात जी बोय वाढते, जी चिंबोरी बिळे करते, जो निवट्या चिखलावर उड्या मारतो, त्यांचे नाव इतर हक्कांच्या रकान्यात कोणी घातले आहे? ज्याच्या नावावर काही नाही, त्याची जागा 'मोकळी' समजली जाते. मोकळी जागा दिसली की तिच्यावर भराव टाकायचा, हा आपल्या काळाचा धर्म झाला आहे.

मी या लेखात कोणाला सौम्य शब्दांत विनंती करणार नाही. विनंत्या पुष्कळ झाल्या. मला एक आरोप करावयाचा आहे आणि आरोपींच्या पिंजऱ्यात मी सर्वप्रथम स्वतःला उभे करणार आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या सदनिकेची डागडुजी केली. न्हाणीघराच्या जुन्या फरश्या उखडल्या, ओटा फोडला, भिंत पाडली. पोत्यांचा ढीग जिन्याखाली साचला. एक टेम्पोवाला आला, पैसे ठरले आणि तासाभरात जिना स्वच्छ झाला. तो राडारोडा कोठे गेला, हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. त्या संध्याकाळी घर कसे लख्ख झाले म्हणून आम्ही समाधानाने चहा घेतला. पुढे एकदा ओहोटीच्या वेळी खाडीकाठी गेलो असता तिवरांच्या मुळांवर ओतलेला भंगाराचा लांबलचक बांध दिसला. त्यात निळ्या नक्षीच्या फरशीचे तुकडे होते. ते आमच्याच न्हाणीघरातले असतील असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. ते आमचे नव्हतेच, असेही म्हणू शकत नाही. माझा आरोप येथून सुरू होतो.

खाडीचा वध कुऱ्हाडीने होतो, अशी आपली भाबडी समजूत आहे. कुऱ्हाड आवाज करते, फोटोत दिसते, वर्तमानपत्रात येते. खरा वध मुक्याने होतो. तिवराचे झाड चिखलातून बोटांसारखी मुळे वर काढते आणि त्यांतून श्वास घेते. भरतीचे पाणी त्याला मीठ देते, गाळ देते आणि त्याचे बी वाहून नेते. त्या पाण्याच्या वाटेवर राडारोड्याचा एक बांध घातला, एखादी मोरी बुजवली, की झाडाला हात लावण्याचीही गरज उरत नाही. श्वासमुळे भरावाखाली गुदमरतात, आतले पाणी सडते, पाने पिवळी पडतात आणि वर्षा-दोन वर्षांत उभे झाड वाळते. मग कोणीतरी पाहणीला येतो आणि लिहितो, 'सदर ठिकाणी कांदळवन आढळून आले नाही.' असत्य एकही नाही, आणि तरीही संपूर्ण अहवाल खोटा!

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. समुद्रकिनारा नियमनाची पहिली अधिसूचना फेब्रुवारी १९९१ मध्ये निघाली. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनाच्या तोडीला आणि त्यावरील भरावाला मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने अंतिम निकाल देताना कांदळवनाचा नाश हा घटनेच्या एकविसाव्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचाच भंग आहे असे ठरवले, आणि कांदळवनाभोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही मोकळा ठेवण्यास सांगितले. राज्याच्या वनखात्यात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मानही मिळाला. मान मिळाला, जागा मात्र मिळाली नाही! सरकारी संस्थांच्या ताब्यातील कांदळवनाच्या जमिनी वनखात्याकडे सोपवण्याचे काम न्यायालयाच्या निकालानंतरही वर्षानुवर्षे रेंगाळले. भारतीय वनसर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन नोंदले गेले होते. २०२३ च्या अहवालात ते सुमारे ३१५ वर आले.

एका हाताने मान द्यायचा आणि दुसऱ्या हाताने दात काढून घ्यायचे, ही राज्यकर्त्यांची जुनी रीत आहे. किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकाममुक्त पट्टा दोनशे मीटरवरून पन्नास मीटरवर आणला. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड ठेवला. ज्याला एका एकराच्या भरावातून कोट्यवधी मिळणार आहेत, त्याला पंधरा लाखांचा दंड ही शिक्षा वाटेल की किंमत? तुरुंगाची भीती असते, दंडाचा हिशेब असतो. तो आधीच खर्चात धरला जातो.

आता 'भरपाई' या शब्दाकडे वळू. आजच्या सरकारी मराठीत याहून फसवा शब्द मला ठाऊक नाही. एके ठिकाणी कांदळवन काढले तर दुसरीकडे झाडे लावू, म्हणजे हिशेब जुळला, असे आपल्याला सांगितले जाते. माझ्या आईला घराबाहेर काढून त्याच वयाची दुसरी स्त्री आणून बसवली, तर माझे कुटुंब पूर्ण झाले असे मी मानावे काय? कांदळवन म्हणजे केवळ झाडे नव्हेत. भरती आणि ओहोटी यांच्या रेषांमधल्या अरुंद पट्ट्यातच ते जगते. त्या पट्ट्यातही चिप्पी कोठे उगवेल, तिवर कोठे उगवेल, हे पाण्याची खोली, खारेपणा आणि गाळ ठरवतात. ते स्थान डोंगरावर निर्माण करता येत नाही, आणि नको त्या चिखलात एकाच जातीची हजारो रोपे खोचूनही करता येत नाही. झाड मोजता येते. त्याच्या मुळांशी दडलेली कोळंबीची पिल्ले, जिताड्याची पिल्ले, हजारो वर्षांचा साठलेला गाळ हे भरपाईच्या कोणत्या रकान्यात लिहिणार? त्या प्राणवायूहीन गाळात पाने फार सावकाश कुजतात, म्हणून कांदळवनाची एक हेक्टर जमीन डोंगरावरच्या अरण्यापेक्षा कित्येक पट कार्बन पोटात दाबून ठेवते. ती उकरली की पिढ्यांची ठेव एका फटक्यात आकाशात जाते.

आपल्या डोळ्यांदेखत झालेले उदाहरण घ्या. नवी मुंबईच्या विमानतळाला २२ नोव्हेंबर २०१० रोजी पर्यावरणाची मंजुरी मिळाली. ११६० हेक्टरांच्या त्या प्रकल्पासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी सपाट केली गेली, उलवे नदीचे पात्र वळवण्यात आले, खाडीकाठचे कांदळवन गेले आणि दहा वस्त्यांतील सुमारे तीन हजार कुटुंबांना घरे सोडावी लागली. कांदळवन उद्यानाच्या अटी कागदावर आल्या. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरला, ऐन नाताळच्या दिवशी, प्रवासी विमाने उडू लागली. विमानतळ नको होता असे मी म्हणत नाही. उद्या मुलाला निरोप द्यायला मीही तेथेच जाईन. पण टेकडी, नदी आणि वन यांची किंमत एखाद्या कागदावरच्या अटीने चुकती झाली, असे मानायला मी तयार नाही. ऋण मान्य करणे ही परतफेडीची पहिली पायरी असते. आपण ऋणच अमान्य करतो.

आणि हे येथेच थांबलेले नाही. खारघरपासून बेलापूर-नेरूळकडे खाडीच्या काठाने सुमारे साडेनऊ किलोमीटरचा रस्ता सिडकोने आखला आहे. तुर्भ्याहून खारघरला येण्यासाठी डोंगराच्या पोटातून बोगदा काढण्याचे काम हाती घेतले आहे. त्या डोंगरावर फणसवाडी आणि चाफेवाडी या आदिवासी वाड्या आहेत. आपल्याला बेलापूर काही मिनिटे जवळ यावे म्हणून एका अंगाने खाडी आणि दुसऱ्या अंगाने डोंगर पोखरला जाणार. मधल्या बेलपाड्याने काय करावे? त्याने दोन्हीकडचे पाणी घरात घ्यावे!

या ठिकाणी काही सुजाण वाचक मला अडवतील. त्यांचे आक्षेप मी मनापासून ऐकले आहेत आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत.

पहिला आक्षेप: 'तुम्ही स्वतः भरावावरच्या इमारतीत राहता, मग दुसऱ्यांच्या घराला विरोध करण्याचा तुम्हाला काय अधिकार?' आक्षेप खरा आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पंचाण्णव गावांच्या जमिनींवर हे शहर वसले. त्या जमिनींच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढताना जानेवारी १९८४ मध्ये पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मे झाले. आपल्या दिवाणखान्याखाली त्यांच्या भातखाचरांची माती आहे. पण ज्याने घेतले आहे, त्याचीच राखण्याची जबाबदारी अधिक असते. मी ताटावर बसलो म्हणून पातेले पालथे करण्याचा हक्क मला मिळत नाही. शिवाय प्रश्न गरिबाच्या घराचा असता तर मी दहादा विचार केला असता. खाडीकडे तोंड असलेली घरे कोणासाठी बांधली जातात आणि त्यांच्या जाहिरातींत 'निसर्गाच्या कुशीत' हे शब्द कोणत्या दराने विकले जातात, हे आपण रोज पाहतो. आधी कूस फाडायची, मग तिचे दृश्य विकायचे!

दुसरा आक्षेप: 'कांदळवनामुळे डास होतात, कोल्हे येतात.' डास साचलेल्या पाण्यात वाढतात. भरती-ओहोटीने रोज धुतल्या जाणाऱ्या चिखलात नव्हे, तर राडारोड्याच्या बांधाने तुंबलेल्या डबक्यात त्यांचे फावते. आणि कोल्हा? तो आपल्या वसाहतीत आला नाही. वसाहत त्याच्या घरात गेली. मुंबई-नवी मुंबईच्या कांदळवनातील सोनेरी कोल्ह्यांचा राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाला मुद्दाम अभ्यास करवून घ्यावा लागला, इतके हे प्राणी आपल्या उंबऱ्याशी आहेत. खारघरमध्ये तो रात्री रस्त्यावर दिसला की आपण भ्रमणध्वनीवर चित्रफीत काढतो आणि 'पकडा, हलवा' असा आग्रह धरतो. कोठे हलवायचे? ज्याचे घर मोडले त्याच्यावरच घुसखोरीचा आरोप ठेवायचा, हा न्याय माणसांच्या बाबतीतही आपण पाहिला आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: 'धारण तलावांत कांदळवन माजले, गाळ काढता येत नाही, म्हणून पाणी तुंबते.' नवी मुंबईचा सखल भाग भरावावर वसलेला असल्याने पावसाचे पाणी साठवण्यासाठी सिडकोने डच धर्तीचे तलाव बांधले. भरतीला झडपा मिटतात, तलाव पाणी धरून ठेवतो आणि ओहोटीला सोडून देतो. हे तलाव गाळाने उथळ झाले ही गोष्ट खरी. पण कांदळ गाळावरच उगवतो. आधी गाळ साठू दिला, मग झाड आले. आणि आता पुराचा दोष झाडाच्या माथी! त्या तलावांच्या गाळाचा प्रश्न न्यायालयापुढे मांडून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जरूर सोडवावा. परंतु मोठ्या भरतीचे पाणी जेथे पसरत असे ती शेकडो एकर खार जमीन बुजवल्यानंतर हे तलाव कितीही खोदले तरी पुरणार आहेत काय? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीने आपली बुजवलेली जागा परत मागितली. तो धडा आपण एवढ्यात विसरलो?

हवामान बदलते आहे, हे सांगण्यासाठी आता ध्रुवावरच्या बर्फाकडे बोट दाखवण्याची आवश्यकता नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभासाठी लाखो लोक भर दुपारी बसले होते. उन्हाच्या तडाख्याने त्यांतील चौदा जणांचे प्राण गेले. ती माणसे श्रद्धेने आली होती. त्यांच्या डोक्यावर ना मंडप होता, ना झाडाची फांदी. त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री, शेजारच्या खालापूर तालुक्यात, इर्शाळवाडी डोंगराखाली गाडली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, पन्नासाहून अधिक माणसे सापडलीच नाहीत. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले. पुढल्याच मे महिन्यात 'तौक्ते' आले. अरबी समुद्र तापतो आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासानुसार त्यातील चक्रीवादळांची संख्या २००१ ते २०१९ या काळात आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. अशा वेळी किनाऱ्यावरची ढाल आपण स्वतःच्या हाताने मोडत आहोत. २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूच्या पिचावरम येथे कांदळवनाआडची गावे पुष्कळ अंशी वाचली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तेथील कोळ्यांना ती ढाल कोणी भरपाई म्हणून दिलेली नव्हती. त्यांनी ती तोडली नव्हती, इतकेच.

पाण्यात काय मिसळते तेही पाहावे. गाढी, काळुंद्रे, कासाडी या नद्यांचे पाणी पनवेलच्या खाडीत येते. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत भटके कुत्रे निळे दिसू लागले, कारण कासाडीच्या पाण्यात रंगद्रव्य सोडले गेले होते. देशभर त्या छायाचित्रांची चर्चा झाली. कुत्र्याच्या अंगावरचा निळा रंग आपल्याला दिसला. त्याच पाण्यातल्या माशांच्या पोटातला रंग कोणाला दिसणार होता? जिच्या टोपलीतून आपण शुक्रवारची मासळी घेतो, त्या कोळीणमावशीला तो आधीच दिसला होता. जाळे रिकामे येते हे ती कितीतरी वर्षे सांगत होती. आपण तिच्याशी भावाची घासाघीस करीत होतो.

पक्ष्यांची कथाही निराळी नाही. ठाण्याच्या खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाले, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. पण पक्षी सरकारी सीमा वाचत नाही. भरती चढली की तो नेरूळ-उरणच्या पाणथळ जागांवर विसावतो, आणि त्या जागा आपण एकेक करून कोरड्या पाडतो. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरच्या आकाशात एका विमानावर आदळून तीसहून अधिक फ्लेमिंगो मेले. त्यांच्या गुलाबी पंखांवर आपण कविता केल्या, नगरीला त्यांचे नाव दिले. निवारा मात्र दिला नाही.

बंधुभगिनींनो, येथवर मी शासनाशी भांडलो. आता घरातल्या भांडणाकडे येतो. आपल्यापैकी पुष्कळजण वसईहून, मुंबईच्या गावठाणांतून येथे आले. वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामाचे संकट आले, १९९० मध्ये तेथे सिडकोची नेमणूक झाली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीच्या कार्यकर्त्यांनी जो लढा दिला, तो आपल्या समाजाने डोळ्यांनी पाहिला आहे. एक धर्मगुरू विहिरींसाठी, केळीच्या बागांसाठी रस्त्यावर उतरतो, याचे तेव्हा काहींना आश्चर्य वाटले होते. २५ जुलै २०२४ रोजी फादर गेले. आपण श्रद्धांजलीच्या सभा भरवल्या, भाषणे केली, डोळे पुसले. पण वसईत वाड्या वाचवणारा समाज पनवेलला आला की भराव विकत घेणारा ग्राहक कसा होतो? गावाकडच्या विहिरीवर ज्यांचे प्रेम आहे, त्यांना दुसऱ्याच्या गावची खाडी परकी का वाटते?

या विषयात आपल्या धर्मसभेने मौन पाळले असेही नाही. १ जानेवारी १९९० च्या शांतिदिनाच्या संदेशात पोप जॉन पॉल दुसरे यांनी सृष्टीशी शांतता हा विषय घेतला होता. पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक २०१५ साली आले. भूमीचे दुःख आणि दरिद्री माणसाचे दुःख ही दोन वेगळी दुःखे नव्हेत, हा त्याचा गाभा. ते परिपत्रक आपल्या किती घरांत उघडले गेले? १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीकाळ आपण पाळतो. म्हणजे चर्चच्या आवारात एक रोप लावतो, छायाचित्र काढतो. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावतो. नाताळच्या गोठ्यासाठी थर्माकोलचे डोंगर करतो आणि जानेवारीत ते डोंगर कचऱ्याच्या गाडीत चढवतो. बेथलेहेमचा डोंगर सजवायचा आणि खारघरचा डोंगर पोखरला जाताना खिडकी लावून घ्यायची! प्रायश्चित्ताचा संस्कार आपण जाणतो. त्यात पाप सांगावे लागते, पश्चात्ताप व्हावा लागतो आणि नुकसान भरून देण्याचा निश्चय करावा लागतो. एक रोप लावून खाडीची क्षमा मिळत नाही. आधी भराव थांबवावा लागतो.

मग करायचे काय? मोठमोठे ठराव मला नको आहेत. चार साध्या गोष्टी सुचवतो. पहिली: आपल्या धर्मग्रामाच्या पालकीय मंडळाने खाडीच्या एका टप्प्याचे पालकत्व घ्यावे. दर महिन्याला ओहोटीच्या वेळी चार कुटुंबांनी तेथे जावे, पाण्याच्या वाटा वाहत्या आहेत की बुजल्या आहेत ते पाहावे, तारखेसह छायाचित्रे ठेवावीत, आणि भराव दिसताच तहसीलदार, कांदळवन कक्ष व पोलीस यांच्याकडे लेखी तक्रार द्यावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, लेखी तक्रारीला पोच असते. दुसरी: विकास आराखड्यावर, रस्त्यांच्या प्रकल्पांवर हरकती मागवल्या जातात, तेव्हा त्या मुदतीत लिहाव्यात. आपल्यात वकील आहेत, अभियंते आहेत, शिक्षक आहेत. नकाशा वाचता येणारी माणसे ज्या समाजात आहेत, त्याने अज्ञानाची सबब सांगू नये. तिसरी: बेलपाड्याच्या, कोपऱ्याच्या, खाडीकाठच्या गावांच्या आगरी-कोळी बांधवांकडे जावे. शिकवायला नव्हे, शिकायला. कोणत्या उघाडीतून पाणी सुटत असे, कोणता नाला कोठे वळवला, हे त्यांना नकाशाशिवाय ठाऊक आहे. पर्यावरणाचा लढा त्यांच्या पोटाच्या लढ्यापासून तोडला, तर तो दिवाणखान्यातला छंद होऊन बसेल.

चौथी गोष्ट सर्वांत लहान आहे आणि सर्वांत अवघडही. तुमच्या घरी, तुमच्या इमारतीत उद्या डागडुजी निघेल. जुन्या फरश्या निघतील, पोती भरली जातील, टेम्पो दाराशी उभा राहील. मजुरी ठरवण्याआधी त्या माणसाला एकच प्रश्न विचारा: 'हे तू कोठे टाकणार आहेस?' उत्तर मिळेपर्यंत पोते उचलू देऊ नका, आणि अधिकृत ठिकाणी नेण्याचे दोन पैसे अधिक पडले तर कुरकुर न करता द्या. मी तो प्रश्न विचारला नव्हता. निळ्या नक्षीचे ते तुकडे अजून तेथेच असतील, आणि आजही दोन वेळा भरतीचे पाणी त्यांच्यापर्यंत येऊन अडून परत गेले असेल.